कार्ल्याच्या छतातले लाकूड

महाराष्ट्राचा सातवाहनकाळ आपण मुख्यतः दगडातून वाचतो. भाजे, कोंडाणे, बेडसे, कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी ही नावे घेतली की सह्याद्रीचा काळा कातळ आणि त्यावर चालणारी छिन्नी आठवते. या लेण्यांचे वर्णनही पाथरवटाच्या कलेचा कळस असेच केले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहून मान वर केली की दिसते ते लाकूड. सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद असलेल्या त्या दालनाच्या गजपृष्ठाकार छताला एकामागोमाग एक लाकडी कमानी लावलेल्या आहेत. स्तूपाच्या माथ्यावरचे छत्रही लाकडाचे असून त्याच्या खालच्या बाजूवर कोरीव काम आहे. लोणावळ्याच्या परिसरातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना, तिथे जवळजवळ दोन हजार वर्षे लाकूड टिकते म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. माझे म्हणणे असे की हे लाकूड म्हणजे लेण्याला चिकटून राहिलेला एखादा जुना अवशेष नाही. ते लेण्याचा अर्थ उलगडणारा पुरावा आहे. ही दालने आधी सुताराच्या बुद्धीने रचली गेली आणि मग पाथरवटाच्या हाताने कोरली गेली, आणि दोन्ही साहित्यांचा स्वभाव नीट जाणणाऱ्या लोकांनी त्यांत लाकूड समजून-उमजून ठेवले.

सुरुवात भाज्यापासून करायला हवी, कारण लाकडाची भाषा तिथे सगळ्यांत उघड ऐकू येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाणारे हे चैत्यगृह कार्ल्याच्या निम्म्या लांबीचे, सुमारे 60 फुटांचे आहे. आत 27 साधे अष्टकोनी खांब आहेत. हे खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. कातळात कोरलेल्या खांबाला कलण्याचे काहीच कारण नसते. खांब, भिंत आणि छत हा सगळा एकाच डोंगराचा अखंड तुकडा आहे, तिथे कुणी कुणाला ढकलत नाही. कारण सापडते ते लाकडी इमारतीत. जमिनीत पुरलेल्या खांबांवर कमानदार फासळ्या टेकवल्या आणि त्यांवर गवताचे किंवा कौलांचे ओझे चढवले की फासळ्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि खांबांची डोकी बाहेर रेटतात. म्हणून सुतार खांब आधीच थोडे आत कलवून पुरतो. ओझे आले की तोच कल रेटा पेलतो. भाज्याच्या कारागिरांनी हा कल दगडात जसाच्या तसा उतरवला. दर्शनी भागात तर त्यांनी अख्खा लाकडी मोहल्लाच कोरला आहे: सज्जे, वेदिका, जाळीच्या खिडक्या, बाहेर डोकावणारी तुळयांची टोके. चैत्याचे तोंड मात्र त्यांनी दगडाने बंद केले नाही. तिथे खऱ्या लाकडाची पडदी उभी होती. ती केव्हाच गेली, पण तिच्या खोबणी कातळात अजून दिसतात.

चैत्यगवाक्षाची घोड्याच्या नालासारखी कमान घेतली तर ही गोष्ट आणखी एक पायरी मागे जाते. ही कमान तळाशी किंचित आत वळते. दगड रचून केलेल्या कमानीला असे वळण घेण्याची गरज नसते, आणि सागाच्या जाड फळीलाही नसते. हे वळण लवचीक काडीचे आहे. बांबू किंवा वेत वाकवून त्याची दोन्ही टोके दोरीने किंवा आडव्या काठीने बांधली की पोट फुगते आणि पाय आत येतात. नीलगिरीतल्या तोडा लोकांच्या पारंपरिक झोपड्यांत वाकवलेल्या वेत-बांबूचे हे अर्धगोल छप्पर आजही पाहता येते. म्हणजे कार्ल्याच्या दर्शनी कमानीत तीन साहित्यांचा इतिहास एकावर एक चढलेला आहे. बांबूने स्वतःच्या स्वभावाने जो आकार घेतला, तो सुताराने सागात तासून घेतला, आणि सुताराचा आकार पाथरवटाने डोंगरात नेला. प्रत्येक पायरीवर आकार देणाऱ्या साहित्याची मूळ अडचण संपली होती आणि तरीही आकार राहिला. तो का राहिला, हा खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने या प्रश्नाला उत्तर दिले आणि ते पुढची शंभर वर्षे चालले. भारतीय लेण्यांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सुरू केला त्यांत त्याचे नाव पहिले आहे. 1845 मध्ये त्याचे लेण्यांवरचे सचित्र पुस्तक आले आणि 1880 मध्ये जेम्स बर्जेसबरोबर लिहिलेला मोठा ग्रंथ. खांबांचा कल आणि लाकडी फासळ्या यांचा अर्थ त्यानेच स्पष्ट केला, आणि ते श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण त्यावरून त्याने जो निष्कर्ष काढला तो मला मान्य होत नाही. भारतीयांना दगडाचे काम फार उशिरा आले, ग्रीकांशी संबंध आल्यावर आले, आणि नवखे असल्यामुळे ते दगडातही सवयीने लाकूडच गिरवत राहिले, अशी त्याची मांडणी होती. त्यातूनच एक मोजपट्टी निघाली: लाकडाची नक्कल जितकी जास्त, तितके लेणे जुने. भाजे आणि कोंडाणे यांच्यापुरती ही पट्टी बरी चालते. कार्ल्याशी आली की ती मोडते.

कार्ल्याचा काळ भाज्यानंतर निदान शतक-दीड शतकाचा, बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. इथल्या कारागिरांना दगड पूर्ण कळला होता. त्यांचे 37 खांब ताठ उभे आहेत, एकही कललेला नाही. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना घटाकार बैठका आहेत आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली युगुले आहेत. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी ठेवले आहेत, कारण ते भक्ताच्या नजरेपासून दूर आहेत. कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे ज्यांना इतके नेमके ठाऊक होते, ते छतापाशी आल्यावर अचानक सवयीचे गुलाम झाले असे मानायचे कारण नाही. त्यांना हवे असते तर फासळ्याही त्यांनी दगडात कोरल्या असत्या. कठीण कातळात याहून नाजूक कामे त्यांनी तिथेच, पाच-दहा हातांवर केली आहेत. त्यांनी डोंगर पोकळ केला, छताला अचूक गोलाई दिली आणि मग तिथे लाकूड नेऊन बसवले. हे नवख्याचे लक्षण नाही, ही निवड आहे.

निवड म्हटले की साहित्याचा गुण पाहावा लागतो. फासळ्यांचे लाकूड सागाचे मानले जाते, आणि ते स्वाभाविक आहे. सागाच्या गाभ्यात एक तेलकट द्रव्य असते, ते वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवते. साग वाळताना फारसा आक्रसत नाही आणि ओल-उन्हाच्या फेऱ्यांत पिळवटत नाही. म्हणून एकदा बसवलेला सांधा तसाच राहतो. त्यात सिलिकाचे बारीक कण असल्याने हत्याराची धार लवकर जाते, याचा त्रास सुतार आजही सोसतो, पण रेषा सरळ आणि एकसारखी असल्याने रंधा किंवा वाकस मारल्यावर पृष्ठ स्वच्छ निघते. बांबूसारखा तो वाकत मात्र नाही. सुमारे 25 फूट रुंदीच्या मधल्या दालनावर अर्धगोल टाकायचा तर अखंड लाकडातून ते होणार नाही. नैसर्गिक वाक असलेली लाकडे शोधून, त्यांच्या रेषा ओळखून, तुकड्याला तुकडा जोडत कमान साधावी लागते. रेषेच्या आडवे तासले तर कमान तिथेच चिरते. तेव्हा त्या छतात ज्या फासळ्या दिसतात त्यांतल्या प्रत्येकीमागे झाड निवडण्याचे, कापण्याचे आणि वाळवण्याचे ज्ञान उभे आहे. ते ज्ञान कुठल्या ग्रंथात लिहिलेले नाही. ते त्या लाकडात आहे.

इथे एक रास्त शंका येते. ही लाकडे मूळची कशावरून? मध्ययुगात किंवा त्यानंतर कुणी बदलली नसतील कशावरून? कार्ल्याच्या लाकडाचे रेडिओकार्बन मापन झालेले आहे आणि त्यात ते इसवी सनापूर्वीचे निघाले, म्हणजे चैत्यातल्या लेखांवरून ठरणाऱ्या काळापेक्षाही काहीसे जुने. काहींना यात विसंगती वाटते. पण मापन सांगते ते मोजलेल्या वाढीच्या कड्याचे वय, झाड तोडल्याचे वर्ष नव्हे. मोठ्या सागाच्या गाभ्याजवळची कडी झाड पडण्याच्या शंभर वर्षे आधी तयार झालेली असू शकतात, आणि टिकाऊपणासाठी सुतार नेमका हाच गाभा वापरतो. बाहेरचे पांढरे लाकूड तो टाकून देतो, कारण ते किडते. शिवाय अशा मापनात चुकीला शतकभराची तरी जागा सोडावी लागते. तेव्हा नंतरच्या दुरुस्तीचा संशय या मापनाने दूर होतो, आणि वयातला फरक सागाच्या स्वभावातूनच उलगडतो. लाकूड टिकले यामागे जागेचाही वाटा आहे. फासळ्या जमिनीपासून चाळीसेक फूट उंच आहेत, ऊन-पाऊस त्यांच्यापर्यंत पोचत नाही, मातीची ओल चढत नाही. भाज्याची दर्शनी पडदी उघड्यावर होती, ती गेली. लाकूड नाशवंत असते असे आपण सहज म्हणून जातो. कुठे ठेवले आणि कुठल्या झाडाचे ठेवले, यावर ते ठरते.

या कामामागचे हात कुणाचे होते, हे कार्ल्याचे लेखच सांगतात. तिथल्या दानलेखांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, यवन आहेत, आणि हे दालन जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असा अभिमान नोंदवणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. त्यांच्याच रांगेत धेनुकाकटचा सामी नावाचा, वेणुवासाचा मुलगा असलेला एक वढकी, म्हणजे सुतार येतो. दरवाजाचे काम आपण केले, असे त्याच्या लेखात म्हटले आहे. तो दरवाजा दगडाचा आहे. सुताराने दगडाचा दरवाजा करावा यात लेख कोरणाऱ्याला काहीच अप्रूप वाटलेले दिसत नाही. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातल्या लेखात कारागिरांची यादी आहे, आणि तिथे दगड घडवणाऱ्यांना शिलेचे सुतार अशा अर्थाचे नाव आहे. तेव्हा सुतार आणि पाथरवट या दोन बंद जाती-व्यवसायांची आजची विभागणी त्या काळावर लादता येत नाही. निदान मोठ्या कामांवर तरी सुतार हाच रचनाकार होता आणि दगड हे त्याचे दुसरे साहित्य होते. कामाचा क्रमही याला पुष्टी देतो. लेणे वरून खाली कोरले जाते. छत आधी होते, जमीन शेवटी. फासळ्यांना बसेल अशी छताची गोलाई पहिल्याच टप्प्यात अचूक साधायची तर कमानीचे माप छिन्नी लागण्याआधी ठरलेले असले पाहिजे, आणि ते माप सुताराकडचे होते. लाकडे वर चढवण्यासाठीही खालचा कातळ अजून काढलेला नसतानाची वेळ सोयीची होती. चाळीस फूट उंचीचा पहाड बांधण्यापेक्षा हाताशी असलेल्या जमिनीवर उभे राहून काम करणे कोणत्याही कारागिराने पसंत केले असते.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. या फासळ्या काहीच उचलत नाहीत. छत डोंगराचे आहे, ते त्यांच्याविना तसेच राहील. जे लाकूड भार घेत नाही त्याला सुतारकाम म्हणायचे की सजावट? आधुनिक वास्तुविद्येत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, कारण त्याला शिकवलेले असते की रचनेने प्रामाणिक असावे आणि जे करत नाही ते करत असल्याचा आव आणू नये. पण हा निकष इथे लावला तर चैत्यगृह कशासाठी होते तेच हातातून निसटते. ते संघाच्या एकत्र येण्याचे घर होते. त्या काळात सभेचे, पूजेचे, नगरातले मानाचे घर लाकडाचे असे. डोंगरात खोदलेली गुहा आपोआप घर होत नाही. तिच्यात माणसांना घरपण वाटायला खांब, आढे, वासे दिसावे लागतात. भाज्यात कललेल्या खांबांनी आणि कार्ल्यात फासळ्यांनी हे काम केले आहे. शिवाय त्या केवळ नजरेपुरत्या नाहीत. दोन हजार वर्षे आपल्या जागी राहायचे तर खोबण आणि लाकूड यांचा मेळ खरा असावा लागतो. भार नसला तरी स्वतःचे वजन आहेच, आणि ते दर पावसाळ्याला ओलीने वाढते व उन्हाळ्यात उतरते.

पुढचा इतिहास या उत्तराला बळ देतो. अजिंठ्याच्या जुन्या 10 क्रमांकाच्या चैत्यातही लाकडी फासळ्या होत्या. आता त्या गेल्या आहेत, खुणा उरल्या आहेत. पाचव्या शतकात तिथेच 19 आणि 26 क्रमांकाची चैत्यगृहे खोदली गेली तेव्हा फासळ्या दगडातच कोरल्या गेल्या. सातव्या शतकाच्या सुमारास वेरूळचे 10 क्रमांकाचे लेणे झाले, त्यातही तसेच. लाकूड पूर्ण गेले, पण लाकडी छत गेले नाही. भाज्यापासून वेरूळपर्यंत आठ-नऊशे वर्षे होतात. फर्ग्युसनची सवय इतकी वर्षे पुरत नाही. इतक्या काळात राज्ये बदलली, मूर्ती नसलेल्या पूजेची जागा बुद्धमूर्तीने घेतली, दगडात बांधीव मंदिरेही उभी राहू लागली. तरी चैत्याचे छत वाशा-फासळ्यांचेच राहिले, कारण ते पवित्र घराचे ओळखचिन्ह झाले होते. नुसत्या अज्ञानाला इतके आयुष्य मिळत नाही.

आणखी एक आक्षेप पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. ज्या लाकडी इमारतींची ही लेणी नक्कल करतात म्हणता, त्यांतली एकही महाराष्ट्रात उभी नाही; मग नक्कल पाहून मूळ कल्पिणे हे वर्तुळात फिरणे नव्हे का? तसे ते असते, जर पुरावा फक्त लेण्यांचा असता. पण भारहुत आणि सांचीच्या शिल्पपटांत अशाच छपरांची घरे, वेशी आणि सज्जे माणसांनी भरलेले दिसतात. सांचीच्या दगडी कठड्याचे आडवे दांडे उभ्या खांबांच्या खोबणीत सुतारी पद्धतीने ओवलेले आहेत. बिहारमधल्या बराबरच्या डोंगरात, मौर्यकाळात, लोमश ऋषी लेण्याचे दार कललेले खांब आणि तुळयांची टोके यांसह कोरले गेले. पाटलिपुत्राभोवती लाकडी तट होता असे मेगॅस्थेनिसच्या वृत्तान्तात आहे, आणि पाटण्याजवळ बुलंदीबागेच्या उत्खननात सालाच्या भक्कम लाकडांचा तट प्रत्यक्ष निघाला. तेव्हा मूळ वास्तूंचे अस्तित्व लेण्यांवर अवलंबून नाही. हेही मान्य करतो की ही परंपरा एकट्या महाराष्ट्राची नव्हती. महाराष्ट्राचे वेगळेपण इतकेच की इथल्या डोंगरांनी तिचे खरे लाकूड सांभाळले.

उरते ते पाहून इतिहासाचा तोल कसा चुकतो याचे अलीकडचे उदाहरण पुण्यात आहे. शनिवारवाड्याचे काम 1730 मध्ये सुरू झाले. त्याच्यासाठी साग जुन्नरच्या रानांतून आणि दगड चिंचवडच्या खाणींतून आल्याचे सांगतात. त्याचे मजले, खांब, महिरपी, तक्तपोशी हे सगळे लाकडाचे होते. फेब्रुवारी 1828 मध्ये लागलेली आग अनेक दिवस चालली आणि आज तिथे जोती, तट आणि दगडी पाया दिसतो. ते पाहून एखाद्याने पेशवाईची वास्तुकला दगडी होती असे म्हटले तर आपण त्याला थांबवू, कारण पुण्या-वाईचे, साताऱ्या-नाशिकचे सागवानी वाडे, त्यांचे सुरूदार खांब, कडीपाटाची छते आपल्या ओळखीची आहेत. सातवाहनकाळाबद्दल मात्र आपण नेमकी हीच चूक करतो. प्रतिष्ठान, तगर, शूर्पारक ही नगरे ज्या लाकडाने उभी होती ते कुजले, जळले, पुन्हापुन्हा वापरले गेले. डोंगर तेवढे राहिले, आणि आपण त्या काळाला दगडांचा काळ म्हणू लागलो.

सुतारांनी स्वतः हा इतिहास इतक्या सहज सोडला नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक विश्वकर्म्याचे लेणे म्हणतात, सुताराचे झोपडे असेही म्हणतात. स्तूपासमोर बसलेल्या बुद्धाला विश्वकर्मा मानून सुतार तिथे दर्शनाला येत, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी केल्या आहेत. त्यांनी ती भाबडी लोकसमजूत म्हणून बाजूला ठेवली. मूर्तीची ओळख चुकली होती हे खरे. पण वर पाहून त्या माणसांनी काय ओळखले होते याचा विचार व्हायला हवा होता. गावगाड्यातला सुतार नांगर आणि गाडीचे चाक बाभळीचे करी, आस धावड्याचा करी, दार-चौकट सागाची करी. कोणते लाकूड कुठे ओझे पेलते, कुठे चिरते, कुठे पाणी सोसते, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. अशा माणसाने दगडी छतातल्या फासळ्या पाहिल्या तेव्हा त्याला आपल्या कामाची रीत दिसली: फासळ्यांचे अंतर, तुळईवर टेकलेली टोके, कमानीचे वळण. लेण्यांवरच्या बहुतेक लिखाणात राजे, संघ, व्यापारी मार्ग आणि मूर्तिशास्त्र भरपूर सापडते. कार्ल्याच्या फासळ्यांचे सांधे कसे आहेत, हत्यारांच्या खुणा कुठल्या आहेत, लाकूड कोणत्या रानातून आले असेल, हे मात्र मापे आणि रेखाचित्रे घेऊन, एखाद्या जुन्या वाड्याची दुरुस्ती केलेल्या सुताराला शेजारी उभे करून तपासायचे काम आहे. धेनुकाकटच्या सामीने आपले नाव दारावर लिहून ठेवले आहे; त्याच्या व्यवसायातल्या माणसाची साक्ष त्या छताबद्दल सगळ्यांच्या आधी काढली पाहिजे.